बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवणारे जोगेंद्रनाथ मंडल : आघाडीच्या राजकारणातील एक आयुष्य

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांत, विहारांत आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच वाद सुरू होतो. युती करायची की स्वबळावर लढायचे? युती करायची तर कोणाशी, किती जागांवर, आणि समोरच्याने शब्द मोडला तर काय? या वादात हल्ली एक नाव हमखास पुढे केले जाते, ते म्हणजे महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल. काही जण म्हणतात, मुस्लिमांबरोबर गेले म्हणून मंडल संपले, त्यातून धडा घ्या. काही जण फक्त एवढेच सांगतात की त्यांच्यामुळे बाबासाहेब संविधान सभेत गेले, आणि पुढचे सगळे गाळून टाकतात. दोन्हीकडे एका माणसाचे चौसष्ट वर्षांचे आयुष्य दोन ओळींत आटोपते. आमच्या मते हे आयुष्य सलग वाचायला हवे. आघाडी सरकार कसे बनते, कसे टिकते, कसे पडते आणि त्यात छोट्या पक्षाचे काय होते, हे समजून घ्यायला आपल्या चळवळीच्या इतिहासात याहून मोठे उदाहरण नाही.

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालमधील बरिसाल जिल्ह्यातल्या मैस्तारकांदी या खेड्यात एका नमःशूद्र शेतकरी कुटुंबात झाला. बरिसाल म्हणजे नद्या, खाड्या, भातशेती आणि मासेमारीचा मुलूख. पावसाळ्यात घरातून शाळेत जायचे तरी होडी लागायची. नमःशूद्रांना सवर्ण हिंदू चांडाळ म्हणत. त्याविरुद्ध या समाजाने १८७२-७३ सालीच फरीदपूर-बाकरगंज भागात सवर्णांच्या शेतावर आणि घरी काम करण्यास नकार देऊन मोठा बहिष्कार पुकारला होता. हरिचंद ठाकूर आणि गुरुचंद ठाकूर यांच्या मतुआ चळवळीने या समाजात शिक्षणाची ओढ निर्माण केली. १९११ च्या जनगणनेत चांडाळ हे नाव जाऊन नमःशूद्र हे नाव आले. जोगेंद्रनाथ शिकले ते या जागृतीच्या काळात. बरिसालच्या ब्रजमोहन कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी कलकत्त्यात कायद्याचे शिक्षण १९३४ साली पूर्ण केले आणि वकिली सुरू केली.

त्यांची पहिली निवडणूक १९३७ ची. ती समजून घ्यायची तर येरवड्याला जावे लागते. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते, पण बंगालच्या वाट्याला जेमतेम १० जागा होत्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि त्याबदल्यात बंगालला ३० राखीव जागा मिळाल्या. संख्या तिप्पट झाली, पण निवडून देणारे मतदार आता संयुक्त होते. राखीव जागेवरचा आमदार आपला, पण त्याला निवडून आणणाऱ्या मतांत सवर्णांची मते निर्णायक. आजही आपण ज्या दुखण्याबद्दल बोलतो ते तिथूनच सुरू झाले.

जोगेंद्रनाथांनी मात्र राखीव जागा घेतलीच नाही. ते बाकरगंज ईशान्य या सर्वसाधारण मतदारसंघातून अपक्ष उभे राहिले. समोर काँग्रेसचे सरलकुमार दत्त, म्हणजे बरिसालचे थोर पुढारी अश्विनीकुमार दत्त यांचे पुतणे. तेहेतीस वर्षांच्या नमःशूद्र वकिलाने त्यांना हरवले. हा निकाल बंगालमध्ये दीर्घकाळ चर्चेत राहिला.

निवडून आलेल्या विधानसभेचे गणित पाहण्यासारखे आहे. एकूण सभासद २५०, म्हणजे बहुमताला १२६ हवेत. १९३५ च्या कायद्याने जागा धर्म आणि हितसंबंधांनुसार वाटल्या होत्या. मुस्लिमांना ११९, सर्वसाधारण मतदारसंघांना सुमारे ८०, त्यात आपल्या ३० राखीव. युरोपियन लोक बंगालमध्ये मूठभर, पण त्यांना २५ जागा! अशा सभागृहात कोणालाही एकट्याला बहुमत मिळणे जवळजवळ अशक्य. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण बहुमतापासून फार दूर. मुस्लिम मते मुस्लिम लीग आणि फजलुल हक यांचा कृषक प्रजा पक्ष यांच्यात विभागली गेली. हक हे बरिसालचेच. शेतकरी कुळांची बाजू घेऊन ते लढले होते आणि त्यांची पहिली पसंती काँग्रेसला होती. पण दुसऱ्या पक्षांबरोबर मंत्रिमंडळ बनवायचे नाही हे काँग्रेस नेतृत्वाचे तेव्हाचे धोरण. बोलणी फिसकटली आणि हक लीगबरोबर गेले. आमच्या मते बंगालच्या पुढच्या दहा वर्षांची दिशा त्या नकाराने ठरली.

एप्रिल १९३७ मध्ये ११ मंत्र्यांचे मंडळ आले. सहा मुस्लिम, तीन सवर्ण हिंदू आणि अनुसूचित जातींचे दोन. दोन मंत्री म्हटल्यावर आपल्याला बरे वाटते. पण ते दोघे कोणत्या पक्षाचे, कोणाच्या सांगण्यावरून घेतले, त्यांच्या मागे किती आमदार, याची उत्तरे नव्हती. अनुसूचित जातींचे बहुतेक आमदार अपक्ष होते. अपक्षाला मंत्रिपद मिळते ते व्यक्ती म्हणून, आणि मंत्री झालेली व्यक्ती आपली खुर्ची सांभाळते. जोगेंद्रनाथांच्या हे लवकर लक्षात आले. १९३८ साली त्यांनी पुढाकार घेऊन अशा आमदारांचा स्वतंत्र गट उभा केला आणि तो विरोधी बाकांवर गेला. त्या वर्षी हक मंत्रिमंडळावर अविश्वास ठराव आला तेव्हा सरकार वाचले ते युरोपियन गटाच्या मतांमुळे. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या दोन डझन मतांना किंमत, कारण ती एकगठ्ठा पडत. आपली तीस मते तीस दिशांना जात होती.

याच काळात ते शरदचंद्र आणि सुभाषचंद्र बोस यांच्या जवळ होते. १९४० मध्ये कलकत्ता महापालिकेवर निवडूनही गेले. सुभाषबाबू काँग्रेसमधून बाहेर फेकले गेल्यावर मात्र काँग्रेसमधल्या उदार गटावर भिस्त ठेवण्यात अर्थ उरला नाही.

डिसेंबर १९४१ मध्ये हक आणि लीग यांचे फाटले. हकांनी श्यामाप्रसाद मुखर्जी आणि बोस गटाला घेऊन नवे मंत्रिमंडळ बनवले. मुस्लिम शेतकऱ्यांचा नेता आणि हिंदू महासभेचा नेता एका सरकारात! आज कोणी कोणाबरोबर गेले की आपण आश्चर्य करतो, पण यात नवे काही नाही. या सरकारात अनुसूचित जातींचा मंत्री एकच होता. मार्च १९४३ मध्ये गव्हर्नर हर्बर्ट यांनी हकांना बोलावून तयार राजीनाम्यावर सही घेतली आणि सरकार गेले. त्या काळच्या प्रांतिक स्वायत्ततेची मर्यादा एवढी होती.

आता लीगचे ख्वाजा नाझिमुद्दीन यांना १२६ चा आकडा जमवायचा होता. इथे जोगेंद्रनाथांनी आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची खेळी केली. अनुसूचित जातींचे २१ आमदार त्यांनी एकत्र ठेवले आणि पाठिंब्याच्या अटी आधी मान्य करून घेतल्या. मंत्रिमंडळात आपले तीन मंत्री. अनुसूचित जातींच्या शिक्षणासाठी दरवर्षी पाच लाख रुपयांचे कायम अनुदान. आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेल्या प्रमाणाची काटेकोर अंमलबजावणी. तरुण कार्यकर्त्यांनी या अटींकडे नीट पाहावे. पहिली अट खुर्चीची आहे, पण उरलेल्या दोन खुर्ची गेली तरी समाजाच्या हाती राहणाऱ्या आहेत. लीगबरोबर जाण्यामागे त्यांचा विचारही साधा होता. पूर्व बंगालमध्ये मुस्लिम आणि नमःशूद्र दोघेही कुळे, शेतमजूर, कोळी. जमीनदार आणि सावकार बहुतेक सवर्ण हिंदू. म्हणजे दोघांची आर्थिक लढाई एकच. एप्रिल १९४३ मध्ये १३ मंत्र्यांचे सरकार आले, त्यात तिघे आपले, आणि जोगेंद्रनाथांकडे सहकारी पतपुरवठा आणि ग्रामीण कर्जबाजारीपणा हे खाते.

याच सरकारच्या काळात बंगालचा भीषण दुष्काळ पडला. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा आकडा १५ लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. मेले ते भूमिहीन, मच्छीमार, होडीवाले. ज्यांच्यासाठी जोगेंद्रनाथ सरकारात गेले होते तेच लोक. युद्धकाळातली इंग्रजांची धोरणे याला मोठी कारणीभूत होती. पण प्रांताचे सरकार जबाबदारीतून सुटत नाही, आणि संसदीय पद्धतीत जबाबदारी सामूहिक असते. अन्नपुरवठ्याचे खाते दुसऱ्याकडे होते असे म्हणून एखाद्या मंत्र्याला हात झटकता येत नाहीत. हा डाग आम्ही जोगेंद्रनाथांच्या चरित्रातून पुसणार नाही. २८ मार्च १९४५ रोजी शेती खात्याच्या मागणीवर ९७ विरुद्ध १०६ मतांनी सरकार हरले आणि प्रांतात गव्हर्नरची राजवट आली.

मधल्या काळात आणखी एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरला बाबासाहेबांच्या उपस्थितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली. एन. शिवराज अध्यक्ष, पां. ना. राजभोज सरचिटणीस. १९४३ मध्ये जोगेंद्रनाथांनी फेडरेशनची बंगाल शाखा उभी केली. गट आणि पक्ष यांतला फरक त्यांना कळला होता. गट विधानसभेत बनतो आणि विधानसभेबरोबर विरतो, पक्षाला मात्र गावात शाखा लागते. पण वेळ फार कमी मिळाला. १९४६ च्या निवडणुकीत बंगालमधल्या तीस राखीव जागांपैकी फेडरेशनला एकच मिळाली, ती जोगेंद्रनाथांची. बाकी जवळजवळ सगळ्या काँग्रेसकडे. मुंबई प्रांतात तर फेडरेशनची पाटी कोरी राहिली. संयुक्त मतदारसंघाचा हा परिणाम होता, तसा संघटनेच्या दुबळेपणाचाही होता. दोन्ही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. पहिलीच सांगत राहिलो तर दुसरी सुधारणार नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये संविधान सभेची निवडणूक झाली. इथे एक गैरसमज दूर करू. बाबासाहेब जेसोर-खुलना मतदारसंघातून निवडून आले, असे अनेक पोस्टमध्ये लिहिलेले असते. असा मतदारसंघच नव्हता. संविधान सभेचे सभासद प्रांतिक विधानसभांचे आमदार निवडत होते, आणि तेही प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीने, पसंतीक्रमाच्या मतांनी. बंगालच्या वाट्याला ६० जागा, त्यात ३३ मुस्लिम आणि २७ सर्वसाधारण. या पद्धतीत थोड्या आमदारांची पहिल्या पसंतीची मते मिळाली तरी एक जागा निघते. मुंबईत बाबासाहेबांमागे एकही आमदार नव्हता आणि काँग्रेसने वाट अडवून धरली होती. बंगालमध्ये फेडरेशनचा आमदार एकच. पण जोगेंद्रनाथांनी अनुसूचित जातींच्या इतर आमदारांची मनधरणी केली, त्यात काँग्रेसच्या तिकिटावर आलेलेही होते. धमक्या, दबाव, पळवापळवीची भीती, सगळे झाले. बाबासाहेब निवडून आले. एकट्या आमदाराने हे घडवले ते १९३८ पासून जोडलेल्या माणसांच्या जोरावर.

त्या मतांची शिक्षा म्हणून खुलना-जेसोर पाकिस्तानला दिले, असाही एक दावा फिरतो. त्याला आधार नाही. सीमा रॅडक्लिफ आयोगाने आखली. हिंदूंची किंचित बहुसंख्या असलेला खुलना पाकिस्तानात आणि मुस्लिम बहुसंख्य मुर्शिदाबाद भारतात, अशी ती अदलाबदल होती. फाळणीने बंगालमधली जागा गेल्यावर जुलै १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून, मु. रा. जयकरांच्या रिकाम्या जागेवर, काँग्रेसच्या पाठिंब्याने पुन्हा निवडून आले. राग आणि सूडाने सगळा इतिहास समजावून सांगण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

१९४६ मध्ये सुऱ्हावर्दींच्या मंत्रिमंडळात जोगेंद्रनाथ पुन्हा मंत्री होते. १६ ऑगस्टपासून कलकत्त्यात जे हत्याकांड झाले, त्यानंतर राजीनामा द्या म्हणून त्यांच्यावर प्रचंड दबाव आला. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. ते हटले नाहीत. ऑक्टोबरमध्ये केंद्रातल्या हंगामी सरकारात लीग सामील झाली तेव्हा जिनांनी आपल्या पाच जागांपैकी एक जोगेंद्रनाथांना दिली, आणि ते कायदा खात्याचे सभासद झाले. यात जिनांचा डाव उघड होता. काँग्रेस आपल्या कोट्यातून मुस्लिम नेमते, तर आम्ही अस्पृश्य नेमू. काँग्रेसच्या बाजूला जगजीवन राम होतेच. बाबासाहेब तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांना मान्य नसेल तर राजीनामा देईन या अटीवर आपण होकार दिला आणि लंडनहून त्यांच्या संमतीची तार आली, असे जोगेंद्रनाथांनी पुढे आपल्या राजीनामापत्रात नोंदवले आहे.

ते हंगामी सरकार म्हणजे आघाडी कशी नसावी याचा नमुना. लीगचे मंत्री नेहरूंना नेता मानत नव्हते, लियाकत अलींच्या घरी आपली वेगळी बैठक घेऊन येत. एक मंत्रिमंडळ, दोन नेते, आणि समान कार्यक्रम कोणताच नाही.

फाळणी ठरली तेव्हा जोगेंद्रनाथांनी बंगाल तोडण्याला विरोध केला. पण लीगची साथ सोडली नाही. जुलै १९४७ च्या सिल्हेट सार्वमतात त्यांनी तिथल्या अनुसूचित जातींमध्ये पाकिस्तानच्या बाजूने प्रचार केला. १० ऑगस्टला कराचीत पाकिस्तानची संविधान सभा भरली तेव्हा तिचे तात्पुरते अध्यक्ष जोगेंद्रनाथ होते. दुसऱ्या दिवशी जिना अध्यक्ष झाले. मग ते पाकिस्तानचे कायदा आणि कामगार मंत्री झाले. इकडे दिल्लीत बाबासाहेब भारताचे कायदामंत्री. एकाच फेडरेशनचे दोन नेते दोन देशांचे पहिले कायदामंत्री, दोघेही दुसऱ्याच पक्षाच्या बहुमतावर चाललेल्या सरकारात.

इथून वाटा वेगळ्या झाल्या. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना भारतात येण्याचे आवाहन केले आणि लीगवर विसंबू नका असे बजावले. जोगेंद्रनाथ मात्र पूर्व बंगालमधल्या लाखो नमःशूद्रांना घरदार सोडू नका असे सांगत राहिले. त्यांची जिनांवर भिस्त होती. ११ सप्टेंबर १९४८ ला जिना गेले. १९४३ मध्ये जोगेंद्रनाथांच्या हातात २१ आमदार होते, म्हणून अटी घालता आल्या. कराचीत त्यांच्यामागे एकही मत नव्हते. त्यांच्याशिवाय सरकार पडत नव्हते. अशा वेळी मंत्री असतो तो फक्त शोभेला, आणि दिलेला शब्द पाळायला कोणी बांधील नसते. पूर्व बंगालच्या मंत्रिमंडळात कोणाला घ्यायचे याबद्दलही त्यांचे ऐकले गेले नाही.

डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातल्या कालशिरा गावी पोलिसांनी आणि जमावाने नमःशूद्रांवर अत्याचार केले. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका आणि खुद्द बरिसाल पेटले. जोगेंद्रनाथ गावोगाव फिरले, जे पाहिले ते सरकारला कळवले, काही झाले नाही. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, तोही कागदावर राहिला. अखेर ते कलकत्त्याला आले आणि ८ ऑक्टोबर १९५० रोजी तिथून लियाकत अलींना राजीनामा पाठवला. त्या दीर्घ पत्रात गावे, तारखा, घटना, मोडलेली आश्वासने यांची वकिली शिस्तीने यादी आहे. आपल्या लोकांना थांबा म्हणून सांगितले, ही चूकही त्यात कबूल केलेली आहे. वर्षभराने सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनीही हिंदू कोड बिलावरून नेहरू मंत्रिमंडळ सोडले.

जे लोक आज हे पत्र फक्त मुस्लिमद्वेषासाठी वापरतात, ते त्याच माणसाची पुढची अठरा वर्षे सांगत नाहीत. भारतात त्यांना कोणी जवळ केले नाही. काँग्रेसला ते लीगचे, सवर्ण निर्वासितांना ते पाकिस्तानचे माजी मंत्री. सरकारने त्यांना पद दिले नाही, कोणत्या हिंदुत्ववादी पक्षानेही डोक्यावर घेतले नाही. ते नमःशूद्र निर्वासितांच्या छावण्यांत काम करत राहिले. बंगालबाहेर, दंडकारण्याच्या जंगलात या लोकांना पाठवण्याच्या सरकारी योजनेला त्यांनी विरोध केला. निवडणुका लढवल्या, हरले, पुन्हा लढवल्या. बाबासाहेबांच्या पश्चात रिपब्लिकन पक्षाचा झेंडा त्यांनी पश्चिम बंगालमध्ये धरला. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव इथे त्यांचे निधन झाले.

त्या निर्वासितांपैकी काही कुटुंबे आपल्या महाराष्ट्रात, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वसवली गेली. चामोर्शी, मुलचेरा भागात त्यांची गावे आहेत. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. त्यामुळे जोगेंद्रनाथांच्या समाजातल्या मुलांना इथे जातीचा दाखला मिळत नाही. यंदाच्या २९ जानेवारीला आमचे काही कार्यकर्ते त्या गावांत जाणार आहेत. ज्यांना बरोबर यायचे आहे त्यांनी कळवावे.